इंग्रजी शब्दाची सुरुवात वाचायला शिका

मराठीत प्रश्न विचारायचा म्हटला की जिभेवर आधी 'क' येतो. कोण, काय, कुठे, केव्हा, कसा, किती. आणि बोट दाखवून उत्तर द्यायचे असेल तर 'त' येतो. तो, तिथे, तेव्हा, तसा, तितका. आता इंग्रजीकडे बघा. हू, व्हॉट, व्हेअर, व्हेन, विच, व्हाय हे सगळे प्रश्न डब्ल्यू-एच या जोडीने सुरू होतात, तर दॅट, देअर, देन, दस, दे हे सगळे टी-एचने. केव्हा-तेव्हा, व्हेन-देन. कुठे-तिथे, व्हेअर-देअर. जोड्या जशाच्या तशा जुळतात.

हा योगायोग नाही. १७८६ साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेतून निघालेल्या असाव्यात, असा विचार मांडला. इंग्रजीही त्याच कुळातली. १८२२ मध्ये याकोब ग्रिम यांनी त्या कुळातले ध्वनी कसे बदलत गेले याचा नियम मांडला. त्या बदलात मूळ भाषेतला जो ध्वनी आपल्याकडे 'क' म्हणून राहिला तो इंग्रजीत 'ह्व' झाला आणि 'त'चा 'थ' झाला. म्हणजे इंग्रजी शिकायला बसलेला मराठी माणूस अगदी कोऱ्या पाटीने बसत नाही. त्याच्या कानात बरेच काही आधीच असते, फक्त ते वापरायचे कसे हे कोणी सांगितलेले नसते.

नवशिके बहुतेक एकच रस्ता धरतात. शब्दकोश उघडायचा, एका अक्षराखालचे शब्द ओळीने उतरवायचे आणि पाठ करायचे. माझे स्पष्ट मत आहे की यात श्रम फार आणि हाती लागणारे थोडे. एका अक्षराखाली शेजारी बसलेल्या शब्दांपैकी काही सख्खे भाऊ असतात, काही नुसते शेजारी. ते ओळखता आले की शंभर शब्दांचे ओझे दहा-बारा तुकड्यांवर येते.

पहिली पायरी : जोड शोधा

शाळेत उपसर्ग शिकवले होते ते आठवा. हार, प्रहार, आहार, विहार, संहार, उपहार. मूळ शब्द एकच, पुढे लागलेला तुकडा बदलला की अर्थ बदलतो. इंग्रजीतही हेच होते. शब्द दिसला की सुरुवातीच्या दोन-तीन अक्षरांवर बोट ठेवा आणि उरलेला भाग वाचा. 'अनहॅपी'वरचा 'अन' झाकला की 'हॅपी' उरतो. तो ओळखीचा आहे, आणि पूर्ण शब्दाचा अर्थ त्याच्या उलट आहे. जोड सापडला.

सुरुवातीला सहाच तुकडे घ्या : अन, इन, डिस, मिस, रि आणि प्री. वहीत प्रत्येकाला एक पूर्ण पान द्या. जो शब्द वाचनात भेटेल तो त्या-त्या पानावर, ज्या वाक्यात भेटला त्या वाक्यासकट लिहा. यादीतून उचललेला शब्द आठवत नाही, वाक्यात भेटलेला आठवतो.

'मिस' सर्वांत सोपा, कारण त्याला आपल्याकडे 'गैर' हा तयार जोडीदार आहे. मिसयूज म्हणजे गैरवापर, मिसअंडरस्टँडिंग म्हणजे गैरसमज, मिसकंडक्ट म्हणजे गैरवर्तन. 'प्री' म्हणजे पूर्व, आधी. 'अन'कडे मात्र थोडे थांबून बघावे लागते. तो विशेषणाला लागला तर नकार देतो, जसे अनफेअर म्हणजे अन्यायाचे, अननोन म्हणजे अज्ञात. क्रियापदाला लागला तर मात्र केलेली कृती उलटवतो. अनलॉक म्हणजे 'कुलूप न लावणे' नव्हे, लावलेले कुलूप काढणे. अनटाय म्हणजे बांधलेली गाठ सोडणे, अनपॅक म्हणजे बांधलेले सामान उघडणे. आधी काहीतरी केलेले असल्याशिवाय हा 'अन' येत नाही.

'रि'चे दोन अर्थ नवशिक्यांना गोंधळात टाकतात : पुन्हा आणि मागे. रीराइट म्हणजे पुन्हा लिहिणे, रीबिल्ड म्हणजे पुन्हा बांधणे, पण रिटर्न म्हणजे मागे फिरणे आणि रिजेक्ट म्हणजे मागे सारणे, नाकारणे. यासाठी वेगळा नियम पाठ करायची गरजच नाही. मराठीतला 'परत' घ्या. 'परत लिही' म्हटले तर पुन्हा, 'परत ये' म्हटले तर मागे. एकाच शब्दात दोन्ही अर्थ आपण लहानपणापासून बिनचूक वापरतो. जिथे 'रि' दिसेल तिथे मनात 'परत' म्हणा, बहुतेक वेळा अर्थ आपोआप योग्य बाजूला वळतो. शिवाय काही ठिकाणी 'प्रति' जुळतो : रिॲक्शन म्हणजे प्रतिक्रिया, रिस्पॉन्स म्हणजे प्रतिसाद, रिफ्लेक्शन म्हणजे प्रतिबिंब.

दुसरी पायरी : वेष बदललेला तुकडा ओळखा

इथे बहुतेक जण अडतात, आणि इथेच मराठी वाचकाचा सर्वांत मोठा फायदा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

'इन' नकार देतो हे कळले. इनकरेक्ट, इनव्हिजिबल. मग अशक्य याला 'इम्पॉसिबल' का? बेकायदा याला 'इलीगल' का? अनियमित याला 'इररेग्युलर' का? हे तीन वेगळे उपसर्ग नाहीत. एकच 'इन' पुढच्या अक्षराच्या संगतीने बदलतो. पी, बी, एम या ओठांनी उच्चारायच्या अक्षरांपुढे त्याचा 'इम' होतो, एलपुढे 'इल', आरपुढे 'इर'.

संधी शिकलेल्याला यात नवे काय? आपला 'उत्' हा उपसर्ग असाच वेष बदलतो. उत् आणि लेख मिळून उल्लेख. उत् आणि नती मिळून उन्नती. उत् आणि चार मिळून उच्चार. 'उत्' कुठेच स्वतःच्या रूपात दिसत नाही, तरी तो तिथे आहे. इलीगलमधले दोन एल आणि उल्लेखमधले दोन ल एकाच कारणाने आले आहेत : दोन वेगळे ध्वनी लागोपाठ उच्चारताना जीभ सोपी वाट शोधते.

हीच गोष्ट 'कॉन'ची. अर्थ 'एकत्र, सोबत', म्हणजे आपला 'सम्'. तो कधी 'कॉम' होतो (कम्बाइन, कम्पेअर), कधी 'कॉल' (कलेक्ट, कोलाइड), कधी 'कॉर' (करेक्ट, करस्पॉन्ड). कॉन्टॅक्ट म्हणजे संपर्क. यात 'कॉन'ला 'सम्' आहे, आणि 'टॅक्ट' म्हणजे स्पर्श. 'ॲड' हा 'कडे' या अर्थाचा तुकडा तर इतका बदलतो की ओळखूच येत नाही : अट्रॅक्ट, अलोकेट, अनाउन्स, अपिअर, असिस्ट. या सगळ्यांत दुसरे अक्षर दुप्पट झालेले दिसेल. ते दुप्पट अक्षर म्हणजे मागे लपलेल्या 'डी'ची खूण.

स्पेलिंगच्या चुका सुधारायला यासारखा दुसरा उपाय मला माहीत नाही. एक एस की दोन, हा प्रश्न पाठांतराने सुटत नाही, जोडाने सुटतो. मिस आणि स्पेल : दोन्हीकडचा एस धरून 'मिसस्पेल'मध्ये दोन एस. डिस आणि अपिअर : पुढे ए आहे, म्हणून एस एकच, आणि पी दोन, कारण ते अपिअरचेच आहेत. डिस आणि सॅटिस्फाइड : दोन एस. अन आणि नेसेसरी : दोन एन. 'डिसअपॉइंट'मध्ये दोन एस घालणारे पुष्कळ भेटतात. एकदा जोड डोळ्यांना दिसला की ती चूक पुन्हा होत नाही.

तिसरी पायरी : फसवे शब्द बाजूला काढा

'अंकल'मध्ये यू-एन आहे, पण नकार नाही. 'अन' झाकला तर उरलेल्याला काही अर्थच नाही, म्हणून तो लगेच पकडला जातो. अवघड असतात ते शब्द ज्यात उरलेला भागही खरा शब्द असतो. 'रिपेअर'मधून 'रि' काढला की 'पेअर' उरतो, म्हणजे जोडी, पण दुरुस्तीचा जोडीशी संबंध नाही. 'डिस्प्ले'मधून 'डिस' काढला की 'प्ले' उरतो, पण डिस्प्ले म्हणजे न खेळणे नव्हे. 'युनिट'मध्ये तर यू-एन हा तुकडाच नाही, तिथला तुकडा 'युनि' आहे आणि त्याचा अर्थ एक. युनियन, युनिफॉर्म, युनिव्हर्स ही त्याची भावंडे. म्हणून कसोटी दुहेरी ठेवा. उरलेला भाग शब्द आहे का? आणि दोन्ही अर्थ जोडले तर पूर्ण शब्दाचा अर्थ निघतो का? दोन्हींना होकार असेल तरच तो शब्द त्या पानावर लिहा.

'इन'चे तीन फसवे शब्द वेगळे लक्षात ठेवा. इन्फ्लेमेबल म्हणजे 'न पेटणारे' असे वाटते, पण अर्थ आहे 'चटकन पेट घेणारे'. इथला 'इन' नकाराचा नाही, 'इन्फ्लेम' म्हणजे पेटवणे या क्रियापदातला आहे. हा गैरसमज जिवावर बेतू शकतो, म्हणून धोक्याच्या पाट्यांवर आता नुसते 'फ्लेमेबल' लिहिण्याकडे कल आहे. दुसरा शब्द इन्फेमस : अप्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध. तिसरा इनव्हॅल्युएबल : कवडीमोल नव्हे, ज्याची किंमतच करता येत नाही इतके मोलाचे. हा शेवटचा आपल्याला चकवायला नको, कारण मराठीत नेमका असाच शब्द आहे : अमूल्य. त्यातही 'अ' आहे, आणि त्याचा अर्थ बिनकिमतीचे असा आपण कधीच लावत नाही.

एक शब्द मात्र फसवा वाटतो, पण फसवा नाही. 'डिसीज'. डिस आणि ईज, स्वस्थता नसणे. आपण आजाऱ्याला अस्वस्थ म्हणतो तसेच.

चौथी पायरी : शास्त्राच्या पुस्तकातले शब्द उलट वाचा

विज्ञानातले लांबलचक इंग्रजी शब्द पाहून घाबरायला होते. पण त्यांचे मराठी प्रतिशब्द ज्यांनी घडवले त्यांनी अनेकदा तुकड्याला तुकडा लावला आहे. म्हणून मराठी शब्द हीच किल्ली. टेली म्हणजे दूर : टेलिफोन दूरध्वनी, टेलिव्हिजन दूरदर्शन. मायक्रो म्हणजे सूक्ष्म : मायक्रोस्कोप सूक्ष्मदर्शक. बायो म्हणजे जीव, ऑटो म्हणजे स्वयं, सब म्हणजे उप. टेलिस्कोपला आपण दुर्बीण म्हणतो, तो शब्द फारसीतून आला, पण घडण तीच आहे : दूर पाहणारी.

भूमितीतला 'पेरीमीटर' मला या सगळ्यांत फार आवडतो. पेरी म्हणजे सभोवार, मीटर म्हणजे माप. मराठीत परिमिती. परि म्हणजे सभोवार, मिती म्हणजे माप. आणि 'पेरी' आणि 'परि' हे तर खरोखरच एकाच मुळातून फुटलेले आहेत. तसेच 'इंटर' आणि 'अंतर'. इंटरनॅशनल म्हणजे आंतरराष्ट्रीय. त्याच्या शेजारी बसणारा 'इंट्रा' मात्र वेगळा ठेवा. इंटर म्हणजे दोघांच्या मध्ये, इंट्रा म्हणजे एकाच्या आत, अंतर्गत.

ग्रीकमधून आलेला नकाराचा 'अ' पाहून तर आनंदच होतो. मराठीत व्यंजनापुढे अ लागतो : अज्ञान, अशक्य. स्वरापुढे अन् लागतो : अनिच्छा, अनादर, अनेक. ग्रीकमध्ये हुबेहूब हाच नियम आहे. एथीइस्टमध्ये व्यंजनापुढे नुसता ए, अनीमियात मात्र ए-एन. ॲनार्की म्हणजे 'ॲन' आणि सत्ता चालवणारा. मराठीत अराजक, म्हणजे अ आणि राजा. शब्दाचे दोन्ही भाग समोरासमोर बसतात.

आकड्यांचे तुकडे पाठ करावेच लागत नाहीत. बाय म्हणजे द्वि, ट्राय म्हणजे त्रि, पेंटा म्हणजे पंच, सेप्ट म्हणजे सप्त, ऑक्टा म्हणजे अष्ट, डेका म्हणजे दश. सप्टेंबर नववा महिना असून नावात सात का, हा प्रश्न कधी पडला असेल तर उत्तर असे : जुने रोमन वर्ष मार्चपासून सुरू होई, त्या हिशेबाने तो सातवा. ऑक्टोबर आठवा, नोव्हेंबर नववा, डिसेंबर दहावा. 'बायसिकल' मधला 'सायकल' आणि आपले 'चक्र' हेही नात्यातलेच, त्यामुळे दुचाकी हा शब्द बायसिकलचा नुसता अर्थ सांगत नाही, तो तिचा चुलतभाऊ आहे. फक्त 'बाय' दिसला की एकदा थांबा, कारण बायोग्राफीतला तुकडा 'बायो' आहे, म्हणजे जीवन.

पाचवी पायरी : उच्चार न होणारी अक्षरे फेकून देऊ नका

नी म्हणजे गुडघा, नो म्हणजे जाणणे. दोन्हींच्या सुरुवातीला के लिहितात आणि वाचत नाहीत. नवशिका विचारतो, मग लिहायचाच कशाला? हा के पूर्वी इंग्रजीत उच्चारला जाई. लिखाणात तो राहिला म्हणून नाते दिसते : के-एन-ओ-डब्ल्यूच्या शेजारी संस्कृतातला 'ज्ञा' ठेवा, आणि गुडघ्याच्या शब्दाशेजारी 'जानु'.

डब्ल्यू-आरने सुरू होणाऱ्या शब्दांत डब्ल्यू मुका असतो, पण त्यातल्या बऱ्याच शब्दांत पीळ आहे. रॅप म्हणजे गुंडाळणे, रिंग म्हणजे पिळणे, रिस्ट म्हणजे वळणारे मनगट, रिंकल म्हणजे सुरकुती, रेंच म्हणजे हिसका देऊन वळवणे. राँग म्हणजे चुकीचे, पण त्याचा जुना अर्थ होता वाकडे. आपणही चुकीच्या वागण्याला वाकडे पाऊलच म्हणतो.

सी-एचची गोष्ट थोडक्यात. तो तीन प्रकारे वाचला जातो आणि उच्चार शब्दाचे माहेर सांगतो. जुन्या घरच्या शब्दांत च : चाइल्ड, चीक, चूज. ग्रीकमधून आलेल्यांत क : केमिस्ट्री, कॅरेक्टर, क्रॉनिक. फ्रेंचमधून उशिरा आलेल्यांत श : शेफ, शोफर. पी-एचने सुरू होणारे शब्द बहुतेक ग्रीक : फोटो, फिजिक्स, फिलॉसॉफी.

सहावी पायरी : नादावर कान ठेवा

काही शब्दांत उपसर्ग नाही, जोड नाही, तरी सारख्या सुरुवातीत सारखा भाव असतो. जी-एलचे शब्द मोठ्याने म्हणा : ग्लो, ग्लिटर, ग्लीम, ग्लिमर, ग्लिसन, ग्लेअर. सगळ्यांत उजेड आहे. एस-एनचे म्हणा : स्निफ, स्नीझ, स्नोअर, स्नॉर्ट, स्नाउट. सगळ्यांत नाक आहे. जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञांनी १९३० मध्ये अशा ध्वनिजोड्यांना 'फोनेस्थीम' हे नाव दिले. मराठी तर या बाबतीत श्रीमंत आहे. झळकणे, झगमगणे, झगझगीत, झळाळी यांत उजेड 'झ'मध्ये बसला आहे. थरथर, थरकाप, थरार यांत कंप 'थ'मध्ये.

मात्र हा नियम नाही, कल आहे. ग्लू म्हणजे डिंक, ग्लव्ह म्हणजे हातमोजा, त्यांत उजेड कुठे? जसे 'झाड' किंवा 'झोप' यांत झगमगाट नाही. नादाचा उपयोग शब्द लक्षात ठेवायला करा, अर्थ ठरवायला नको.

जुळ्यांना एकत्र झोपवू नका

आतापर्यंत एकत्र ठेवा म्हणालो, आता एका ठिकाणी वेगळे ठेवा म्हणतो. ॲडॅप्ट, ॲडॉप्ट आणि ॲडेप्ट. तिन्ही एका बैठकीत शिकलात तर तिन्ही कायमचे गोंधळतील. मी हे करून पाहिले आहे आणि त्याची किंमत मोजली आहे. एक आज शिका, तो अंगवळणी पडला की आठवड्याने दुसरा. अशा जुळ्यांना सुरुवातीवरून नव्हे, शेपटीवरून ओळखायचे. ॲडॅप्टमध्ये 'ॲप्ट' आहे, म्हणजे योग्य, म्हणून योग्य होईल असे जुळवून घेणे. ॲडॉप्टमध्ये 'ऑप्ट' आहे, ऑप्शनमधला, म्हणून निवडणे, स्वीकारणे, दत्तक घेणे. ॲडेप्ट म्हणजे निपुण, तो सर्वांत शेवटी घ्या.

कधी फरक सुरुवातीच्या तुकड्यात असतो. प्रिसीड म्हणजे आधी जाणे, प्रोसीड म्हणजे पुढे जाणे. प्रिस्क्राइब म्हणजे डॉक्टर औषध लिहून देतात ते, आणि प्रोस्क्राइब म्हणजे बंदी घालणे, जवळपास उलटाच अर्थ. 'अँटी' आय लावून लिहिला तर विरुद्ध, ई लावून लिहिला तर आधी. घड्याळातल्या ए.एम.मधला ए हा दुसरा : मध्यान्हाच्या आधी. आणि कॉन्ट्रास्टमध्ये 'कॉन' शोधू नका, तिथली सुरुवात 'कॉन्ट्रा' आहे, म्हणजे विरुद्ध, कॉन्ट्राडिक्टमधली.

आता सराव

रोज एकच लांब शब्द घ्या. कोश बंद ठेवा. जोडांवर पेन्सिलीने उभ्या रेघा मारा, प्रत्येक तुकड्याचा मराठी अर्थ खाली लिहा, अंदाज करा आणि मगच कोश उघडा. अंदाज चुकला तर ते पान फाडू नका, चूक तशीच राहू द्या आणि शेजारी बरोबर अर्थ लिहा. इररिव्हर्सिबल घ्या. इर म्हणजे वेष बदललेला इन, नकार. रि म्हणजे परत. व्हर्स म्हणजे वळणे. शेवटचा 'इबल' म्हणजे करता येण्याजोगे. जुळवा : परत वळवता न येणारे.

दुसरा शब्द इंटरडिपेंडन्स. इंटर म्हणजे एकमेकांमध्ये. डि म्हणजे खाली. पेंड म्हणजे लोंबणे, पेंडंट गळ्यात लोंबते ना, तोच. खाली लोंबणे म्हणजे कशाच्या तरी आधाराने असणे. आता मराठी शब्द लिहा : परस्परावलंबन. त्यातला 'परस्पर' बाजूला करा आणि 'अवलंबन' फोडा. अव म्हणजे खाली. लंब म्हणजे लोंबणे.